पडद्यावरचे पाढे

‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा नेहमीप्रमाणे कोणते राज्य कितव्या क्रमांकावर, याचीच चर्चा अधिक झाली. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभरातील सुमारे ७४ हजार शाळांत तिसरी, सहावी व नववीच्या २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची ही चाचणी घेण्यात आली होती. क्रमवारीपेक्षा अधिक अस्वस्थ करणारा आकडा आतल्या पानांत होता. पूर्ण संख्यांवरील मूलभूत क्रिया समजणे, बेरजेचे व गुणाकाराचे किमान दहापर्यंतचे तक्ते ठाऊक असणे आणि ते रोजच्या व्यवहारात वापरता येणे, ही क्षमता सहावीतील अवघ्या ५३ टक्के विद्यार्थ्यांत आढळली. ग्रामीण भागातील मुलांची घरोघरी जाऊन पाहणी करणाऱ्या ‘असर’चा २०२४ चा अहवालही याच दिशेने बोट दाखवतो. पाचवीतील ३०.७ टक्के मुलांनाच साधा भागाकार जमला. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.६ टक्के होते, तेव्हा सुधारणा आहे. परंतु दहातील सात मुले अजून बाहेरच उभी आहेत. भागाकार म्हणजे गुणाकाराचाच उलटा प्रवास. जाण्याची वाट ठाऊक नसेल, तर परतीची कशी सापडणार?

या प्रश्नावर सध्या सर्वांत सोपे वाटणारे उत्तर पालकांच्या खिशातच आहे. मुलाला भ्रमणध्वनीवर खेळायला आवडते, पाढे म्हणायला आवडत नाही. मग पाढेच खेळात घालून द्यावेत. मध्यमवर्गीय घरांत हे केव्हाच सुरू झाले आहे. जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या शाळांतही लोकवर्गणीतून, उद्योगांच्या सामाजिक निधीतून किंवा सरकारी योजनांतून टॅब्लेट येतात आणि त्यांत गणिताचे खेळ भरलेले असतात. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत अंकज्ञान यावे, असे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी २०२६-२७ हे वर्ष मुक्रर केले. मुदत जवळ आली की झटपट उपायांचे आकर्षण वाढते, हा आपल्या प्रशासनाचा जुना स्वभाव आहे. म्हणूनच या खेळांकडून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आताच तपासलेले बरे.

त्यासाठी परदेशी अहवाल चाळण्याची गरज नाही. या विषयावरील जगातील सर्वाधिक उद्धृत प्रयोगांपैकी एक आपल्या शेजारी, बडोद्यात झाला. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये ज्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले, त्याच शहरातील शंभर महापालिका शाळांना गुजरात सरकारने २००० मध्ये प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तेव्हा प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी त्यांतले फारच थोडे संगणक वापरात असल्याचे दिसले. (संगणक शाळेत पोचणे आणि मुलाच्या हाताशी पोचणे यांतील अंतर मोजणारे स्वतंत्र सर्वेक्षणही कधीतरी व्हायला हरकत नाही.) त्यानंतर या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताच्या खेळांचा कार्यक्रम हाती घेतला. आठवड्याला दोन तास. त्यांतील एक तास शाळेच्या वेळेत आणि एक शाळेआधी किंवा शाळेनंतर. एका संगणकापुढे दोन मुले. खेळ गुजराती भाषेत, त्या त्या इयत्तेच्या अभ्यासक्रमावर बेतलेले आणि मुलाच्या पातळीनुसार चढत जाणारे. सोबत वस्तीतलेच, थोडे प्रशिक्षण घेतलेले मार्गदर्शक. ते गणित शिकवत नसत. मुलाला पेलेल इतपत अवघड खेळ निवडायला लावत आणि अडले तर खेळात काय विचारले आहे ते समजावून सांगत.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ले लिंडन या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांची इतर शाळांशी तुलना केली आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. (बॅनर्जी व डफ्लो यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशाच प्रयोगांच्या परंपरेसाठी.) दुसऱ्या वर्षाअखेर गणितातील वाढ ०.४७ प्रमाण विचलन इतकी होती. सामान्य वाचकाच्या भाषेत सांगायचे, तर गुणांच्या चढत्या क्रमाने शंभर मुलांची रांग लावली असता मधोमध, पन्नासाव्या जागी उभे असलेले मूल अडुसष्टाव्या जागेच्या आसपास पोचले. शिक्षणक्षेत्रात इतका मोठा परिणाम सहसा दिसत नाही. डिजिटल खेळांचे समर्थक हा आकडा आवर्जून सांगतात आणि त्यांचे चुकते असे नाही.

मात्र त्याच शोधनिबंधातील आणखी दोन आकडे तितक्या आवर्जून सांगितले जात नाहीत. पहिला असा की, कार्यक्रम संपल्यानंतर एका वर्षाने तपासले असता ०.४७ ची वाढ ०.१० वर आली होती. अडुसष्टाव्या जागी गेलेले मूल पुन्हा चोपन्नाव्या जागेपर्यंत घसरले. दुसरा आकडा खर्चाचा. संगणकाच्या खेळांचा खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे ७२२ रुपये होता. त्याच काळात मुंबई व बडोद्यात ‘बालसखी’ हा दुसरा कार्यक्रम चालू होता. मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर काढून वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी त्यांना रोज दोन तास मूळ वाचन आणि हिशेब शिकवी. त्याचा खर्च दर मुलामागे सुमारे १०७ रुपये आणि परिणाम ०.२८. म्हणजे परिणाम संगणकाच्या निम्म्याहून अधिक, खर्च मात्र सातवा हिस्सा. आज संगणक तेव्हापेक्षा स्वस्त झाला आहे, हे खरे. पण तो स्वस्त झाला म्हणून बालसखी महाग झाली, असे काही नाही.

याहून बोलका अनुभव लिंडन यांच्याच २००८ मधील दुसऱ्या अभ्यासात आहे. गुजरातमधील ‘ज्ञानशाला’ ही संस्था गरीब वस्त्यांतील मुलांसाठी अत्यंत नेटक्या, आखीव पद्धतीने वर्ग चालवते. तिथे संगणकावरील गणिताचा कार्यक्रम दोन प्रकारे राबवून पाहिला गेला. शाळेनंतरचा जादा वेळ म्हणून तो दिला, तेव्हा मुलांची प्रगती ०.२८ ने वाढली. शाळेच्याच वेळेत, शिक्षिकेच्या तासाची जागा घेऊन दिला, तेव्हा मुले ०.५७ ने मागे पडली. कार्यक्रम तोच, यंत्रे तीच, राज्य तेच. फरक एवढाच की एकीकडे खेळ शिकवण्याच्या जोडीला आला आणि दुसरीकडे शिकवण्याच्या जागी बसला. पन्नासाव्या जागेवरचे मूल त्यामुळे अठ्ठाविसाव्या जागेच्या आसपास जाते. तेव्हा टॅब्लेट आणायचे की नाही यापेक्षा ते वेळापत्रकात कोणाला उठवून बसतात, हा प्रश्न मोठा आहे.

हे झाले खेळ कधी द्यावेत याविषयी. कोणते द्यावेत हा प्रश्न आणखी नाजूक आहे. कारण गुणाकाराची ‘ओळख’ करून देणे आणि गुणाकाराचा ‘सराव’ घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारातील बहुसंख्य खेळ दुसरे काम करतात आणि पहिल्याच्या नावाने विकले जातात. त्यांचा साचा ठरलेला: पडद्यावर सात गुणिले सहा असा प्रश्न येतो, खाली चार पर्याय असतात, कोपऱ्यात घड्याळ उलटे धावत असते. बरोबर दाबले तर गाडी पुढे पळते, नाणी खणखणतात, फुगे फुटतात. चूक दाबले तर कर्कश आवाज. यात गाडी आणि गुणाकार यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. गाडीच्या जागी माकड आणि गुणाकाराच्या जागी राजधान्यांची नावे घातली, तरी खेळ तसाच चालेल. कडू औषधाची पुडी मधात घोळवून द्यावी, तसा हा प्रकार. मूल मध चाटते आणि पुडी चुकवायला शिकते. चार पर्यायांतून अंदाजाने एक दाबले तरी चारातून एकदा नाणी मिळतातच. भराभर दाबत जाणे हेच मग तिथले खरे कौशल्य ठरते.

गणितच ज्या खेळाचा कणा आहे, असा खेळ वेगळा असतो. इंग्लंडमध्ये जेकब हॅबगुड आणि शेरॉन एन्सवर्थ यांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ‘झॉम्बी डिव्हिजन’ नावाचा खेळ वापरून हा फरक तपासला. त्यात छातीवर संख्या कोरलेले सांगाडे अंगावर चालून येतात आणि त्या संख्येला निःशेष भागणाऱ्या अंकाचे शस्त्र उगारले तरच ते कोसळतात. म्हणजे भागाकार हीच लढाई. त्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत लढाई साधी ठेवली आणि गणिताचे प्रश्न दोन टप्प्यांच्या मध्ये स्वतंत्रपणे विचारले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पहिल्या आवृत्तीने मुले अधिक शिकली. शिवाय निवडीची मोकळीक दिली, तेव्हा त्यांनी तिच्यावर दुसरीपेक्षा सुमारे सातपट वेळ घालवला. गणित खेळाच्या पोटात असले की मूल त्याच्यापासून पळत नाही, असा याचा अर्थ.

गुणाकाराच्या ओळखीसाठी असा खेळ कसा असेल? कल्पना करा की पडद्यावर चोवीस फरशा आहेत आणि मुलाला त्यांचे आयताकृती अंगण करायचे आहे. ते तीन ओळींत आठ-आठ मांडते. मग चार ओळींत सहा-सहा. मग दोनात बारा. अंगण बोटाने फिरवले की तीन आठे आणि आठ त्रिक एकच, हे कोणी न सांगता दिसते. पुढच्या डावात फरशा तेवीस. मूल धडपडते, एक फरशी सारखी उरते, शेवटी एकच लांब ओळ तयार होते आणि मूळ संख्येशी पहिली भेट होते, ती तिचे नाव कळण्याआधी. सात ओळी आठ-आठ फरशांचे अंगण पाच आणि तीनच्या रेषेवर तोडले, तर पस्तीस आणि एकवीस असे दोन तुकडे मिळतात. आठव्याचा पाढा विसरलेल्या मुलाला छप्पनपर्यंत जायची दुसरी वाट सापडते. इथे चूक केली तरी कर्कश आवाज करण्याची गरज नाही, कारण उरलेली फरशीच चूक दाखवते. पडद्याची खरी ताकद ही आहे. फरशा क्षणात मांडता, मोडता, फिरवता येतात, हरवत नाहीत आणि चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाला पुरतात.

अर्थात हे सारे पडद्यावाचून होत नाही, असे मुळीच नाही. गणिताचे ख्यातनाम शिक्षक पी. के. श्रीनिवासन यांनी सुचवलेली आणि पुण्यात ‘आयुका’च्या विज्ञानकेंद्रात काम केलेल्या अरविंद गुप्ता यांनी दूरवर पोचवलेली युक्ती अनेक शिक्षकांना माहीत असेल. खराट्याच्या तीन काड्या आडव्या, चार उभ्या ठेवायच्या आणि छेदबिंदू मोजायचे. बारा. काडी एकही नसली तर बिंदूही नाही, म्हणून शून्याने गुणले की शून्य. हे वाक्य फळ्यावर दहा वेळा लिहूनही जे उमगत नाही, ते इथे मूल स्वतःच म्हणते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर शिंपले, बिया, खडे हेच शैक्षणिक साहित्य मानले, त्यामागची दृष्टी हीच होती. जिथे वीज आणि जोडणी यांचा भरवसा नाही, तिथे खराटा हा टॅब्लेटचा गरीब पर्याय नव्हे. अनेकदा तो आधीचा, अधिक भक्कम टप्पा असतो.

मग आपल्या पाढ्यांचे काय? घोकंपट्टी म्हणून त्यांना नाक मुरडण्याची एक पद्धत पडली आहे. ती अन्यायाची आहे. सात सक किती याचे उत्तर क्षणात आठवले, तर डोके मोठ्या उदाहरणासाठी मोकळे राहते. शिवाय ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’ या लयीत कानाची स्मृती कामाला लागते. पडद्यावरचे खेळ बहुतांशी डोळ्यांचे आणि बोटांचे असतात, त्यांत ही लय हरवते. जुन्या उजळणीत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीही असे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पाठोपाठ शेर-मणही गेले आणि हे पाढे अडगळीत पडले. त्यांचा व्यवहारी उपयोग संपला हे मान्य. पण त्यांत एक मोठी कल्पना दडलेली होती. गुणाकार म्हणजे ‘पुन्हा पुन्हा बेरीज’ ही व्याख्या दिडकीपाशी अडते. एखादी संख्या दीड वेळा कशी मिळवणार? तिथे ‘पट’ हीच कल्पना लागते. दिडकी घोकणाऱ्या मुलाला अपूर्णांकाच्या गुणाकाराची चव फार लवकर मिळत असे. आजच्या खेळांतले गुणाकार सहसा पूर्ण संख्यांच्या कुंपणाबाहेर जात नाहीत.

भाषेचा मुद्दाही असाच दुर्लक्षित आहे. ‘बालभारती’ने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आणली, तेव्हा मोठा वाद झाला आणि विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या प्रमुख दिवंगत मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते: मराठीत ‘बेचाळीस’ म्हणताना आधी दोन आणि मग चाळीस उच्चारले जातात, लिहिताना मात्र चार आधी येतो, यात लहान मुले गोंधळतात. त्या उपायाशी कोणी सहमत असो वा नसो, अडचण खरी आहे. आता पडद्यापुढचे मूल पाहा. ‘सात सक बेचाळीस’ हे त्याला तोंडपाठ आहे, मनातल्या मनात ते अचूक म्हणते आणि दाबते २४. खेळ म्हणतो चूक. चूक गुणाकारात नाही, अंकलेखनात आहे. पण इंग्रजीत घडवलेल्या आणि मग फक्त बटणांवरचे शब्द मराठीत बदललेल्या खेळाला हे कळण्याचा मार्ग नाही. तो त्या मुलाला पुन्हा सातच्या पाढ्याकडे पाठवतो, जिथे त्याचे काहीच अडलेले नव्हते. जवळ बसलेली शिक्षिका हे एका नजरेत ओळखते.

घड्याळाबाबतही सावध राहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये २०२२ पासून आठ-नऊ वर्षांच्या मुलांची संगणकावर पाढ्यांची सक्तीची चाचणी होते: बारापर्यंतचे पाढे, पंचवीस प्रश्न, प्रत्येकी सहा सेकंद. पाढे शिकून झालेल्या मुलाच्या चाचणीत सहा सेकंदांची अट समजू शकते. ज्या मुलीने गुणाकार काल प्रथम पाहिला, तिच्यापुढे धावणारे घड्याळ ठेवणे म्हणजे पोहायला शिकवताना शर्यत लावणे. गणिताची भीती कामचलाऊ स्मृतीची जागा अडवते आणि येणारे उत्तरही सुचेनासे होते, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवलेले आहे.

आणि समजा, खेळ उत्तम आहे, मूल त्यात पटाईत झाले. ते कौशल्य वहीत उतरेल का? येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेला अभ्यास विचारात पाडतो. बॅनर्जी, डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या १,४३६ मुलांना पारखले. वजन, दर आणि सुटे पैसे यांचे गुंतागुंतीचे हिशेब ही मुले कागदाविना तोंडी करत होती. तसलीच किंवा त्याहून सोपी उदाहरणे शाळेच्या पद्धतीने लिहून दिली, की ती अडखळत. उलट, शाळेत नियमित जाणारी मुले वहीतले गुणाकार करत. पण बाजारातल्या हिशेबाला तीच पद्धत लावायला गेली की थांबत. दोन्ही बाजूंना बुद्धी होती, दरम्यान पूल नव्हता. बाजारातला गुणाकार वहीत आपोआप येत नसेल, तर पडद्यावरचा येईल असे गृहीत धरण्याला आधार काय? फरशांचे अंगण रचल्यावर ‘हे वहीत कसे लिहाल?’ आणि ‘किराणा दुकानात हे कुठे दिसते?’ असे विचारणारे माणूस लागतेच. बडोद्यातही ते वस्तीतल्या मार्गदर्शकाच्या रूपाने होतेच.

खेळ खेळताना मूल आपली माहितीही देत असते: कोणत्या पाढ्याला अडखळते, किती वेळात कंटाळते, कशाने पुन्हा येते. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे आणि पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. मात्र शैक्षणिक संस्थांना काही बाबतींत सूट आहे. शाळेने निवडलेल्या खेळाचा पुरवठादार या सुटीच्या आडोशाने काय साठवतो, हे पाहण्याची यंत्रणा मुख्याध्यापकांकडे आज नाही.

खरेदी करणाऱ्या महापालिकांनी आणि जिल्हा परिषदांनी विचारावेत असे प्रश्न फार अवघड नाहीत. हा खेळ ओळखीसाठी आहे की सरावासाठी? ओळखीसाठी असेल तर घड्याळ बंद करता येते का? शिक्षिकेच्या कोणत्या तासात तो खेळला जाणार, आणि तेव्हा ती कुठे असणार? एका यंत्रापुढे दोन मुले बसून आपसांत वाद घालतील, अशी रचना आहे की प्रत्येकाच्या कानाला स्वतंत्र श्रवणयंत्र? वर्षभरानंतर, खेळ बंद झाल्यावर, मुलांची चाचणी घेण्याची तरतूद करारात आहे का? मराठी आवृत्ती मराठी संख्यानामांचा विचार करून केली आहे की नुसती भाषांतरित आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मागण्यापेक्षा समितीतील एखाद्या सदस्याने टॅब्लेट हातात घ्यावा, सात गुणिले सहाच्या पुढे मुद्दाम २४ दाबावे आणि पडदा काय म्हणतो ते पाहावे.